निळ्या बगळ्याच्या दारातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझ्या पाठीच्या वरच्या फळीवर दोन बारीक भोकं आहेत. परवापर्यंत तिथे पितळेची एक पाटी होती, आता नाही. ती का नाही, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही बसून ऐका. माझं काय, मी उभीच असते.

माझं लाकूड बीचचं. आर्देनच्या डोंगरात मी झाड होते, तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो सुताराचा हात. त्याने मला चार पाय दिले, नदीकाठच्या लव्हाळ्याची घट्ट विणलेली बैठक दिली आणि पाठीमागे एक उथळ पेटी ठोकली. मागच्या माणसाने आपलं प्रार्थनेचं पुस्तक त्या पेटीत ठेवायचं, अशी सोय होती. माझ्यासारख्या दोनशे खुर्च्या झाल्या आणि आम्ही सगळ्या बेल्जियमच्या सीमेजवळच्या मास्ट्रिख्ट शहरातल्या एका चर्चमध्ये रांगेत उभ्या राहिलो.

चर्चमध्ये सगळे सारखे असतात, असं फादर दर रविवारी सांगत. खुर्च्यांना मात्र तसं सांगून भागत नव्हतं. जी घराणी वर्षाची वर्गणी भरत, त्यांच्या नावाची पाटी खुर्चीवर लागे. त्या खुर्च्या पुढे. पाटी नसलेली माणसं मागे खांबांपाशी उभी राहत. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्यावर पाटी होती 'कुटुंब पेंडर्स'. पेंडर्स चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. खिसा काही मोठा नव्हता, पण बायकोची हौस होती, आणि हौसेपुढे त्याचं कधी चाललं नाही. वर्गणी भरल्यावर त्याने ती पाटी स्वतःच्या हाताने लावली. दोन्ही स्क्रू बसल्यावर तो दोन पावलं मागे गेला आणि बघत राहिला. त्याची धाकटी मुलगी माझ्यावर बसून पाय हलवायची. तिचे पाय जमिनीला लागत नसत. आई तिला चिमटा काढायची, ती तेवढ्यापुरती थांबायची आणि पुन्हा सुरू. तिचं नाव इर्मा.

पण त्या चर्चमध्ये एक चांगली रीत होती आणि ती मी अजून विसरलेले नाही. मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, सुरू होण्याची घंटा झाली, की रिकामी खुर्ची कुणाचीही. मग पाटीवर कुणाचंही नाव असो. म्हातारा सेवक मागे वळून खांबांपाशी उभ्या असलेल्या माणसांकडे बघायचा आणि नुसती मान हलवायचा. पेंडर्सांच्या घरी गोवर आला तेव्हा माझ्यावर सीमेपलीकडून आलेला एक बेल्जियन शेतकरी बसला होता. त्याच्या बुटाला शेण होतं. कुणी त्याला हटकलं नाही.

मग दिवस पालटले. चर्चमध्ये माणसं कमी झाली, खुर्च्या जास्त झाल्या. एके वर्षी मोठ्या दाराला कुलूप लागलं आणि आम्हा सगळ्यांना अंगणात मांडून विकायला काढलं. मला आणि आणखी पाच जणींना फोन्सने उचललं. फोन्सने नुकतंच एक कॉफीशॉप काढलं होतं. दारावर निळ्या रंगाचा बगळा रंगवला होता, म्हणून सगळे त्याला 'बगळा' म्हणत. आता नाव कॉफीशॉप असलं तरी तिथे कॉफीसाठी कुणी येत नसे. तिथे गांजा मिळे, मोठ्या माणसांना आणि मोजका. मिस्सा ऐकलेल्या खुर्चीने असल्या धुरात उभं राहावं, याची मला आधी लाज वाटली. मग सवय झाली. त्या धुराची मी तारीफ करणार नाही. माझ्या लाकडात तो वीस वर्षं मुरला आहे आणि तो वास मला आजही आवडत नाही. पण माणसं मात्र चर्चमधल्यासारखीच होती. गप्प बसायला येणारी, बडबडायला येणारी, आणि घरी करमत नाही म्हणून येणारी.

बाकीच्या पाच जणी एकेक करून मोडल्या. मला दारात ठेवलं, ह्यूबसाठी. ह्यूब म्हणजे बगळ्याचा दारवान. आडव्या अंगाचा, हळू बोलणारा, आता पन्नाशीला पोचलेला माणूस. अठरा वर्षांखालच्याला आत सोडायचं नाही आणि भांडण झालं तर मध्ये पडायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या पाठीमागच्या पुस्तकाच्या पेटीत तो आपले चीज लावलेले पाव ठेवायचा. प्रार्थनेच्या पुस्तकांपेक्षा ते पाव जास्त नियमाने उघडले जात, हे मला कबूल केलं पाहिजे.

एका मंगळवारी दारात एक बाई आली. साठीची असेल. बोटं सांध्यात सुजलेली, हातात कापडाची पिशवी. ती आत जाता जाता थबकली आणि माझ्या पाटीवर वाकली.

"अगं बाई! ही तर आमची!"

"काय तुमची?" ह्यूबने विचारलं.

"खुर्ची रे. ऊठ. ऊठ म्हणते ना. पेंडर्सांच्या खुर्चीत बसलायस तू."

ह्यूब उठला. ती बसली. तिने पाय थोडे हलवले. आता ते जमिनीला लागत होते. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी माझी बैठक करकरली, ती उगीच नाही.

इर्मा लग्न होऊन सीमेपलीकडे बेल्जियममध्ये गेली होती. पलीकडे म्हणजे किती, तर बसने वीस मिनिटं. तिकडची बोली हीच, देव हाच, 'पाय' नावाची, गोड भात भरून भट्टीत भाजलेली जाड पोळीही हीच. फक्त आमची चांगली की तुमची, यावरून दोन्हीकडचे मरेपर्यंत भांडतात. नवरा वारल्यावर ती तिथल्या नगरपालिकेच्या घरात एकटी राहत होती. लहान घर, मागे बाग, बागेत नवऱ्याने लावलेलं आलुबुखाराचं झाड. बोटांच्या दुखण्याने तिला झोप लागत नसे. डॉक्टरच्या गोळ्या पोटाला सोसत नव्हत्या. बगळ्यातून आठवड्याला चिमूटभर नेलं, की तिच्या रात्री बऱ्या जात. ते बरोबर की चूक, हे मोठ्यांनी मोठ्यांना विचारावं. मी एवढंच सांगते, की ती दर मंगळवारी अकराच्या बसने यायची, दहा मिनिटं माझ्यावर बसून दम खायची, ह्यूबला पायचा तुकडा द्यायची आणि मग आत जायची. ह्यूब तिच्यासाठी उठून उभा राहायचा. अशी पंधरा वर्षं गेली.

"तुमच्या पायमध्ये भात कमी असतो हो," ह्यूब तोंड भरलेलं असताना म्हणायचा.

"म्हणून तर ताटली चाटतोस," ती म्हणायची.

आता जे झालं ते का झालं, तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल खुर्ची एकतर्फी बोलते. आमच्या गल्लीत रोज गाड्यांची रांग लागायची. फ्रान्सची, जर्मनीची, बेल्जियमची. पोरं मोठ्याने गाणी लावायची, दुसऱ्यांच्या दारात गाडी उभी करायची, भिंतीवर लघवी करायची. समोरच्या घरातल्या माणसांनी रोज सकाळी बादली घेऊन भिंत धुवायची म्हणजे काय! शेजारी चिडले होते आणि त्यांचं खोटं नव्हतं. मग वरून नियम आला. कॉफीशॉपमध्ये यापुढे परदेशी माणसाला प्रवेश नाही. ओळखपत्र दाखवा, इथल्या रहिवासाचा दाखला दाखवा, मगच आत. नियम एक मेला लागू झाला. ओरडणारं पोर आणि सुजलेल्या बोटांची म्हातारी यांच्यात फरक करायला नियमाला डोळे नव्हते. डोळे ह्यूबला होते, पण ते वापरायची त्याला आता परवानगी नव्हती.

नियमानंतरच्या पहिल्या मंगळवारी ती नेहमीसारखी आली.

"काय रे, आज उठत नाहीस?"

ह्यूब उठला, पण बाजूला झाला नाही. "इर्मा, दाखला लागतो आता."

"कसला? जन्माचा देऊ की मरणाचा? दुसरा अजून मिळायचाय."

"रहिवासाचा. इथल्या."

"मी इथे जन्मले रे. तीन गल्ल्या सोडून. तुझा बाप चड्डी सावरत पळायचा, तेव्हापासून ओळखते त्याला."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मला ठाऊक असून चालत नाही, इर्मा."

तिने सुजलेल्या बोटाने माझ्या पाटीवर टकटक केली. "हे वाच. मोठ्याने वाच."

"कुटुंब पेंडर्स," ह्यूबने वाचलं.

"पेंडर्स कोण?"

"तुम्ही."

"मग सरक."

ह्यूबचे कान लाल झाले. मागे चार पोरं दाखले हातात धरून उभी होती आणि खिदळत होती. "नाव चालत नाही, इर्मा," तो म्हणाला. "पत्ता लागतो."

 मग तिने पिशवीतून पायचा डबा काढला, माझ्यावर ठेवला आणि बसथांब्याकडे निघून गेली. त्या दिवशी ह्यूबने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो तसाच कचऱ्यात टाकला, आणि मला त्याचा राग आला.

मित्रांनो, दार बंद केलं म्हणजे माणसं घरी जातात, असं ज्यांना वाटलं ते बहुतेक कधी दारात उभे राहिलेले नसावेत. आमच्या गल्लीतली गर्दी नदीवरच्या पुलावर गेली. तिथे गाडीच्या खिडकीतून विकणारे आले. त्यांच्याकडे अठरा वर्षांची अट नव्हती, मोजमाप नव्हतं आणि गांजाच्या जोडीला नको नको त्या पुड्या होत्या. समोरच्या भिंती कोरड्या राहिल्या, हे खरं. आता पुलाजवळची माणसं बादल्या घेऊन उभी राहू लागली.

दोन आठवड्यांनी इर्मा आली ती मनगटाला प्लास्टर बांधून. ह्यूब घाबराघुबरा होऊन उठला आणि तिला माझ्यावर बसवलं.

"हे काय झालं?"

"पुलावर एकाने विचारलं, आजी हवंय का. इतकं गोड बोलला, नातू असता तर पोटाशी धरला असता. घेतलं. काय होतं त्यात देव जाणे. स्वयंपाकघरातच चक्कर आली आणि पडले. रात्रभर फरशीवर होते."

"रात्रभर?"

"शेजारीण सकाळी अंडी मागायला आली म्हणून."

ह्यूबने तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात आतून फोन्स बाहेर आला. फोन्स काही वाईट माणूस नाही, पण तो त्या दिवसांत सतत घाबरलेला असे. "ह्यूब, बाईंना उठव," तो हळूच म्हणाला. "तपासणीवाले फिरतायत. परदेशी गिऱ्हाईक दारात बसलेलं दिसलं तर कुलूप लावतील."

"गिऱ्हाईक नाही, नुसत्या बसल्यात."

"ते तू त्यांना समजावशील?"

इर्मा आपणच उठली. समोर दगडी कठडा आहे, त्यावर जाऊन बसली. गल्ली अरुंद आहे, तिथलं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू येतं. म्हणून पुढची चूक माझ्या कानांदेखत झाली.

ही चूक समजायला तुम्हाला सीमेवरची माणसं ठाऊक हवीत. इकडची माणसं पेट्रोल तिकडे भरतात, तिकडची माणसं चीज इकडून नेतात. सकाळचा पाव एका देशात आणि दुपारचा दात काढायचा दुसऱ्या देशात. सीमा त्यांच्या पायांना कधी लागतच नाही. म्हणून त्यांना वाटतं सीमा म्हणजे नुसता कागद, आणि कागद काय, इकडचा तिकडे ठेवला तरी माणूस आपल्या जागी राहतो. ह्यूबला तसंच वाटलं.

"माझ्या घरी माळ्यावर एक खोली आहे," तो तिला म्हणाला. "नगरपालिकेत जाऊन तिथला पत्ता लावा. राहू नका तिथे. राहा आपल्या घरीच. नुसता कागद."

"आणि कागदाने काय होतं?"

"काय होणार! दाखला मिळतो. मंगळवार परत मिळतो."

ती हसली. "लोक म्हणतील, म्हातारीने दारवान पटकावला."

"म्हणू देत की. माझी पत वाढेल."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तिने पत्ता लावला आणि दाखला घेऊन आली. तो मंगळवार मी विसरणार नाही. तिने दाखला ह्यूबच्या नाकासमोर धरला. ह्यूबने तो उलटसुलट बघितला, जणू बाई कोण आहेत ते त्याला माहीतच नाही, आणि मग वाकून मला पुढे सरकवलं. ती बसली, पाय हलवले, दम खाल्ला, आत गेली. फोन्सने स्वतः कॉफी करून दिली. भाताच्या पायवरून पुन्हा भांडण झालं. मला वाटलं, चला, निभावलं.

तिकडे बेल्जियममध्ये मात्र एक रीत आहे. पत्ता बदलला की त्या भागाचा पोलीस घरी येऊन बघतो, माणूस खरंच कुठे राहतो ते. तो आला. चांगला माणूस होता म्हणे. इर्माने त्याला आलुबुखार दिले आणि खरं ते सगळं सांगितलं, कारण आपण काही वाईट केलंय असं तिच्या मनातच नव्हतं. त्याने तेही लिहून घेतलं. मग पत्र आलं. हे घर या गावच्या रहिवाशांसाठी आहे, आपण स्वतःच्या सहीने हे गाव सोडलं आहे, तरी घर रिकामं करावं. बाहेर थांबलेल्यांची यादी मोठी होती. तिने अर्ज केले, ह्यूबने चिठ्ठ्या लिहिल्या, फोन्ससुद्धा कुणाकुणाला भेटला. पत्ता परत तिकडे लावता येईल, असं उत्तर आलं. घर मात्र परत मिळणार नाही, नाव यादीच्या शेवटी लागेल. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती.

ह्यूबने तिला सांगितलं, माळ्यावरची खोली खरोखरच घ्या. मनापासून सांगितलं. पण त्या माळ्याला शिडीसारखा जिना आहे आणि तिचे गुडघे बोटांपेक्षा वाईट होते. शेवटी दूर समुद्रकाठी राहणाऱ्या मुलाने तिला न्यायचं ठरवलं.

परवाचीच गोष्ट. कार्निव्हल नुकताच संपला होता. फरशीच्या फटींत रंगीत कागदाचे कपटे अडकले होते. गल्लीच्या तोंडाशी मुलाची गाडी उभी राहिली आणि इर्मा एकटीच चालत आली. तिच्या हातात पिशवी नव्हती. मला ते आधी दिसलं.

ह्यूब उठला. "बसा."

ती बसली नाही.

"दाखला आहे ना? मग आत चला. फोन्सला कॉफी करायला सांगतो."

"आहे की. आता मला आत जाता येतं," ती म्हणाली. "परत जायला घर नाही, तेवढंच."

"मी तर नुसता कागद म्हणालो होतो, इर्मा."

"मीही नुसता कागदच समजले. दोघेही सीमेवरचीच गाढवं." ती हे हसून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. "आलुबुखाराचं झाड कापलं रे त्यांनी. नव्या माणसांना तिथे गाडी लावायचीय."

 ह्यूबने माझी पाठ घट्ट धरली.

"चाकू आहे खिशात?" तिने विचारलं.

"आहे."

"मग ही पाटी काढून दे. माझ्या बोटांनी निघायची नाही."

"इर्मा, राहू द्या ना. एवढी वर्षं आहे ती इथे."

"तूच म्हणालास ना, नाव चालत नाही? मग दारात कशाला लावून ठेवतोस?"

ह्यूब गुडघ्यावर बसला. चर्च सुटल्यापासून माझ्यापुढे असं कुणी बसलं नव्हतं. पेंडर्सने लावलेले स्क्रू गंजून लाकडात रुतले होते. पहिला निघाला. दुसऱ्याला वेळ लागला, चाकू दोनदा सटकला आणि माझ्या फळीवर एक ओरखडा उठला. मला दुखलं, पण मी ह्यूबला दोष देत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला नीट दिसत नव्हतं. हे काम करायला कुठलाही दाखला लागला नाही. आत-बाहेर जाणाऱ्या कुणीही थांबून विचारलं नाही.

इर्माने पाटी कोटाला पुसली आणि खिशात टाकली. ह्यूबच्या गालावर एकदा हात ठेवला. "भात आमच्याच पायमध्ये जास्त असतो," एवढंच म्हणाली. मग ती गाडीकडे चालत गेली. पंधरा वर्षांत ती माझ्यावर न बसता गेली, अशी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तिला बसू दिलं नव्हतं. या वेळी ती आपणच बसली नाही.

त्या दिवसापासून ह्यूबही माझ्यावर बसत नाही. दिवसभर शेजारी उभा राहून दाखले तपासतो. पाव पेटीत तसेच राहतात. फोन्स म्हणतो, आता जुनं लाकूड कशाला, दारात लोखंडी स्टूल आणू.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी निगेच्या चार गोष्टी सांगायच्या असतात. लाकूड कोरड्या फडक्याने पुसा, पावसात ठेवू नका, लव्हाळ्याची वीण सैल झाली तर वेळीच विणून घ्या. हे सगळं तुम्ही कराल, मुलं वस्तू जपतात. माझं मागणं निराळं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या दारात तुम्हालाही उभं करतील आणि हातात एखादा नियम देतील. नियम करणाऱ्यांनाही कारणं असतील. पण दारात कुणी दमून आलं, तर आधी त्याला बसायला द्या. कागद मग मागा.

नदीपलीकडच्या चर्चमध्ये आत्ताच घंटा झाली. मी रिकामीच आहे.